फुकट पुस्तक, पहाटे पाच

शिरड शहापुरात घरटी एक ग्रंथालय निघालंय आणि त्याची नोंद कुठल्याच खात्याकडे नाही. औंढा-वसमत रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात चहा सांगा, शेजारच्या पोराकडे मोबाईल मागा आणि डाउनलोडचा फोल्डर उघडा. ३० दिवसांत इंग्रजी, २१ दिवसांत नवी सवय, ७ दिवसांत हॅकिंग, एका रात्रीत शेअर बाजार. जितके दिवस कमी, तितकी पानं जास्त. तिकडे वाईला मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसाव्या खंडापर्यंत पोचताना पिढी बदलली. ज्ञान २१ दिवसांत उरकतं, हे त्याचे संपादक तर्कतीर्थांना कोणी वेळेवर सांगितलं नाही.

"वाचलं का रे?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डाउनलोड केलंय की, सर." संपली परीक्षा.

या फुकट पुस्तकांचे ढोबळ दोन वर्ग. एक स्किलचा, दुसरा पर्सनॅलिटीचा. दुसरा आधी घेऊ, कारण जास्त फिरतो तोच. त्यातल्या बहुतेक पुस्तकांत पहिल्या दहा पानांत पहाटे ५ वाजता उठायला सांगितलेलं असतं. जगातली सगळी यशस्वी माणसं ५ ला उठतात म्हणे. आमच्याकडे शेतपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी २ वाजता बॅटरी घेऊन उठतो, चिखल तुडवत विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो. एक फेज गेलेला असतो. तसाच परत येतो, ४ वाजता पुन्हा जातो. पुस्तकाच्या हिशेबाने हा माणूस एव्हाना अब्जाधीश पाहिजे होता. तो अजून सोसायटीच्या थकबाकीतच दिसतो, म्हणजे त्याची वेळ चुकली असणार. ५ ला उठायचं सोडून २ ला उठला.

पुढचं प्रकरण: कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा. मराठवाड्यातले ऊसतोड मजूर दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे भांडीकुंडी, लेकरं आणि म्हातारी ट्रकात घालून बाहेर पडतात ते थेट कारखान्याजवळच्या कोपीत. याहून जास्त झोन ओलांडलेला माणूस त्या लेखकाने आणून दाखवावा. नाही म्हणायला शिका, असंही एक प्रकरण असतं. सावकाराला नाही कसं म्हणायचं हे बहुधा पुढच्या आवृत्तीत येईल. वेळेचं नियोजन हे प्रकरण आमच्या गल्लीतल्या तिघांनी मन लावून वाचलं आणि ते वेळेवर स्टँडवर जाऊन उभे राहिले. बसने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

आता हे सगळं फुकट का? लिहिणाऱ्याला पोट नाही का? आहे, चांगलं सुटलेलं आहे. पुस्तक फुकट असतं, पण ते उघडायच्या आधी एक फॉर्म येतो. नाव, गाव, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, आणि सहज विचारल्यासारखं मासिक उत्पन्न. नंबर दिला की संध्याकाळी ग्रुप. ग्रुपात रविवारच्या ऑनलाइन शिबिराचं आमंत्रण, फी शंभराच्या आत. शिबिरात दोन तास गरिबीतून वर आलेल्या एका माणसाची गोष्ट, आणि शेवटच्या वीस मिनिटांत मूळ मुद्दा: संपूर्ण कोर्स, किंमत इतके हजार, पण आज रात्री १२ पर्यंत फक्त तितके हजार. रात्री १२ ही वेळ दर रविवारी येते. सिद्धेश्वर धरणावर गळ टाकून बसणाऱ्या कोणालाही विचारा, मासा गांडुळाचे पैसे कधीच देत नाही.

हा धंदा कायद्यात बसतो, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की गळ टाकणारा निदान काठावर येऊन बसतो. ज्यांच्याकडे खरंच फुकट आणि खरंच कामाचं पुस्तक आहे, ते काठावरही येत नाहीत.

तिकडे वळण्याआधी फुकटाचा आणखी एक प्रकार उरकून टाकू. त्याला आपण लाडाने पीडीएफ म्हणतो. जिवंत लेखकाचं, बाजारात विकत मिळणारं पुस्तक कोणीतरी पानापानाने फोटो काढून ग्रुपवर टाकतं. बऱ्याच पानांच्या कोपऱ्यात त्या दानशूर माणसाचा अंगठा दिसतो. तोच त्या प्रतीवरचा एकमेव खरा हस्ताक्षराचा पुरावा. गंमत म्हणजे राजरोस फुकट मिळणारं काही कमी पडलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, म्हणजे २०११ च्या पहिल्या तारखेपासून त्यांची पुस्तकं कोणीही उतरवून घ्यावी, छापावी, वाटावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं संकेतस्थळावर उघडी ठेवली आहेत. विश्वकोश तर अख्खाच्या अख्खा मोकळा आहे. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकाची परवानगी घेऊन मराठी पुस्तकं फुकट देतं. एवढं ताट वाढलेलं असताना आपल्याला शेजाऱ्याच्या घरातून उचललेलंच गोड लागतं.

आता स्किल.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ई-कुंभ नावाचं संकेतस्थळ काढलंय. डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं, १२ भारतीय भाषांत, मराठी त्यात आहे, आणि दमडी लागत नाही. नाशिकच्या २०२७ च्या कुंभासाठी रस्ते, पूल, पोलीस, पार्किंग यांची केवढी तयारी चाललीय ते तुम्ही वाचत असालच. या दुसऱ्या कुंभाला बंदोबस्त लागत नाही. आमच्या भागातून तिथे कोणी स्नानाला गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्याहून कामाचं एक आहे, आणि त्याच्यावर जरा थांबतो. चेन्नईत निमी नावाची केंद्र सरकारची संस्था १९८६ पासून आयटीआयच्या पोरांसाठी पुस्तकं तयार करते. प्रत्येक ट्रेडची थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर २०१९ पासून आयटीआयचा अभ्यासक्रम, पुस्तकं, प्रश्नसंच एकत्र ठेवायला सुरुवात झाली. पुस्तकं इंग्रजी-हिंदीत आहेत, काही मराठीतही. त्यातलं इलेक्ट्रिशियनचं पुस्तक घ्या. मी घेतलं, म्हणजे नुसतं डाउनलोड नाही केलं.

आमच्या भागात मोटर जळणं हा ऋतू आहे. एक फेज जातो, राहिलेल्या दोन फेजवर मोटर ओढायला लागते, त्या दोन तारांतून दीडपट-पावणेदोनपट करंट वाहतो, आणि काही मिनिटांत जळक्या वार्निशचा वास येतो. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर लावला तर मोटर आपणहून बंद पडते. पण रात्री २ ला उठायचा कंटाळा म्हणून ऑटोस्विच लावलेला असतो, आणि प्रिव्हेंटरची वायर "सारखं ट्रिप होतंय" म्हणून कोणीतरी काढून टाकलेली असते. मग मोटर भरायला टाकायची.

भरणारा काय करतो? जुनं वाइंडिंग उकलतो, वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो आणि होतं तसंच परत भरतो. हाताला सवय असते, काम झकास होतं. पण मागच्या भरणाऱ्याने वेढे कमी घातले असतील, किंवा तार एक गेज बारीक वापरली असेल, तर हाही तेच करतो. पुढच्या उन्हाळ्यात तीच मोटर तिसऱ्याकडे जाते, तोही इमानेइतबारे तीच चूक पुढे चालवतो. घराणी अशीच तयार होतात.

निमीच्या पुस्तकात हे सगळं आहे. स्लॉट किती, पोल किती, त्यावरून कॉइलचा एक पाय या स्लॉटमध्ये टाकला तर दुसरा कुठे पडायचा. ३६ स्लॉट आणि ४ पोल असतील तर एका पोलाच्या वाट्याला ९ स्लॉट. तिन्ही फेज एकमेकांपासून १२० अंशांवर कसे बसवायचे, आकृती काढून. भरून झाल्यावर मेगर लावून इन्सुलेशन कसं तपासायचं, स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी कशी करायची, अर्थिंगसाठी खड्डा कसा घ्यायचा. जुन्या मोटरमध्ये काय होतं हे बघावं लागतं, पण तिथे काय असायला पाहिजे होतं तेही समजतं. आणि या पुस्तकात प्रेरणा औषधालाही नाही. तू करू शकतोस, असं कुठेही लिहिलेलं नाही. आधी सप्लाय बंद कर, असं मात्र सारखं सांगितलंय.

म्हणूनच ते कोणी फॉरवर्ड करत नाही. पहाटे ५ वालं पुस्तक पुढे पाठवताना पाठवणाऱ्याचीही थोडी पर्सनॅलिटी वाढते, तो सुधारलेला माणूस दिसतो. इलेक्ट्रिशियनचं पुस्तक पाठवलं तर लोक विचारतात, काय रे, नोकरी गेली का?

बाकीच्यांची नुसती नावं घेतो. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल: पायथनपासून लिबरऑफिसपर्यंत मराठी आवाजात, सोबत सगळा मजकूर लिहून, ऐकता ऐकता शेजारी आपल्या कॉम्प्युटरवर तेच करत जायचं. अरविंद गुप्ता: कानपूर आयआयटीचे इंजिनिअर, पुण्याच्या आयुकातल्या बाल विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करून दाखवत राहिले, २०१८ साली पद्मश्री झाले. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं, मराठीतली ढिगाने. त्यातले बरेच प्रयोग करायला काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब पुरते. शाळेला प्रयोगशाळेचं अनुदान आलं नाही, हे कारण त्या माणसाने बाद करून ठेवलंय, त्यामुळे शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांचं नाव निघत नसावं. त्या ग्रुपवर काय चालतं ते २०२० मध्ये दिसलं. दहा प्रश्नांची ऑनलाइन प्रश्नमंजूषा सोडवा आणि ई-सर्टिफिकेट मिळवा, असा सपाटा लागला होता. लॉकडाऊनमध्ये बाहेर किराणा मिळेना, पण घरात सर्टिफिकेटचा तुटवडा नव्हता.

पाठ्यपुस्तकांचीही आठवण झाली. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, आणि सरकारी शाळेत आठवीपर्यंत हातातही फुकट मिळतात. २०२३ मध्ये शासनाने त्या पुस्तकांत वहीसारखी कोरी पानं घालायचं ठरवलं, २०२५ मध्ये ती काढून टाकायचं ठरवलं. मधल्या काळात पुस्तकाचा तेवढा भाग सगळ्यांना सारखा समजला होता.

आता जरा मोठी गोष्ट. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आतून हवा उपसलेल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, त्यातून लेसरचा झोत. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या जुळ्या वेधशाळांनी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वीय लहर टिपली. त्यावरचा शोधनिबंध कोणालाही फुकट वाचता येतो. नुसता निबंध नाही, त्या यंत्रांनी नोंदवलेले आकडेही नेटवर उघडे ठेवलेत, वसमतच्या कॉलेजातल्या पोराने पायथन शिकून तोच आलेख घरी काढावा. आमच्याकडे लायगोबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. जमिनीचा भाव कितीवर जाईल, आणि शिपायाची भरती कधी आहे. चार किलोमीटरच्या नळीच्या वेल्डिंगमधून हवेचा कणही आत जाता कामा नये, म्हणजे तिथे वेल्डर कसला लागेल, हा तिसरा प्रश्न. तो विचारला तर उत्तर भारत स्किल्सवर वेल्डरच्या पानांपासून सुरू होतं. पण ते पान उघडायला मोबाईल घेतला की वरून मेसेज येतो: "करोडपतींच्या ७ सवयी, मोफत."

आम्हाला हे तंत्राचं शिक्षण मराठीत उशिरा मिळालं याला इतिहास आहे. हा मुलूख निजामाचा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, त्याच्या आदल्या वर्षी भाषांतराचं खातं उघडलं, आणि पुढे डॉक्टरकी-इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं. काम दांडगं होतं, कबूल करायला हवं. फक्त परभणी-हिंगोलीच्या कुणब्याच्या घरी जी भाषा बोलत, तिच्यासाठी तिथे टेबल नव्हतं. आज टेबल आहे, पुस्तक आहे, आणि दारावरची पाटी इंग्रजीत आहे. मराठी पुस्तकापर्यंत जायला तीन इंग्रजी पानं ओलांडावी लागतात. ज्याला तेवढं इंग्रजी येतं त्याला मराठी पुस्तकाची तितकी गरज नसते, हे सरकारी संकेतस्थळ बांधणाऱ्याच्या लक्षात येत नसेल असं नाही. ते त्याच्या टेंडरमध्ये नसेल.

बडोद्याला हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, कारागिरी आणि तंत्र देशी भाषेतून शिकवायला. पुढे १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि फिरती ग्रंथालयं सुरू केली. लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची, वाचून झाली की पेटी परत, नवी पेटी पुढे. गावकऱ्यांना खर्च नाही. महत्त्वाचं असं की पेटी गावात येऊन कोणाच्या तरी ताब्यात दिली जायची. शिक्षक असेल, पटेल असेल, पण एक माणूस असायचा आणि पुस्तक त्याच्या हातून जायचं. ई-कुंभाला हातच नाहीत.

लांब बडोद्याला तरी कशाला जायचं? शिरड शहापुरात मल्लिनाथांचं दिगंबर जैन मंदिर आहे, लांबून यात्रेकरू येतात. जैनांच्या चार दानांत आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीला शास्त्रदान बसवलेलं आहे. पूर्वी पोथी नकलून घेऊन द्यायची, आता छापून वाटायची. त्या समाजात फुकट वाटल्या जाणाऱ्या कितीतरी पुस्तकांवर किमतीच्या जागी एकच शब्द छापलेला असतो: स्वाध्याय. म्हणजे पैसे नकोत, पण किंमत आहे, आणि ती वाचूनच फेडायची. मला तर वाटतं त्या फॉर्मवाल्यांनी मासिक उत्पन्नाच्या रकान्याखाली हा एक रकाना घालून बघावा. रविवारचा ग्रुप निम्म्यावर येईल.

गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाने ही फुकट पुस्तकं लोकांच्या हातात द्यावी, असं सुचवून पाहिलं. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, तपासणीला साहेब येतात, कपाटं मोजतात, दाखल नोंदवही बघतात. पीडीएफला दाखल क्रमांक कुठे घालणार? शिक्का कशावर मारणार? वाळवी लागून पुस्तक बाद करायचा ठराव कसा घेणार? कमिटीने तासभर चर्चा केली आणि एकमताने दिवाळी अंकांची यादी मंजूर केली. आयटीआयत जाणाऱ्या पोरांना विचारलं तर त्यांनी सांगितलं की परीक्षेला गाईड पुरतं. गाईड विकत मिळतं, म्हणजे ते चांगलं असणार.

शेवटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला गाठलं. गावात कोण काय वाचतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. "मोबाईलमधल्या पुस्तकाची पानं काढायला येतं का रे कोणी?"

"येतात की, सर. सर्टिफिकेट काढतात, रंगीत. लॅमिनेशन करून नेतात."

"सर्टिफिकेट नाही, पुस्तक."

त्याने जरा आठवून पाहिलं. "एक आला होता. तो मोटर भरणारा. चार पानं काढली. कसलातरी स्लॉटचा तक्ता होता. दुकानात भिंतीला चिकटवलाय त्याने. आता बाकीचे मोटरवाले येऊन त्याचा फोटो काढून नेतात."

"पुस्तक कोणतं, ते विचारतात का?"

"नाही. तक्ता चालतो म्हणतात. मागच्या आठवड्यात दोघं माझ्याकडेच आले होते, फोटो नीट दिसत नाही म्हणाले, जरा मोठा करून द्या. मी पाच रुपये घेतले. तुम्हाला पण पाहिजे का एक?"